टॉवेलची घडी

शार्दूलच्या घरात कसलाच आवाज नव्हता. अवधूत दार लोटून आत आला, बूट काढले, सवयीने पायानेच ते भिंतीकडे सरकवले आणि तसाच उभा राहिला. काहीतरी कमी होतं, पण काय ते कळेना. सोफा जागच्या जागी होता. टीव्हीवर थोडी धूळ होती. खिडकीच्या पट्ट्या अर्ध्या मिटलेल्या होत्या आणि त्यांतून सप्टेंबरअखेरीचं पिवळट ऊन कार्पेटवर आडव्या रेघांनी पडलं होतं. मग लक्षात आलं, फ्रीजची घरघर नाही. इतकी वर्षं या घरात पत्ते खेळताना, मॅच बघताना, नुसतं लोळताना त्या घरघरीला दोघांनी शिव्या दिल्या होत्या. अपार्टमेंटच्या मॅनेजरकडे तक्रार करायची असं ठरायचं आणि राहून जायचं. तो स्वयंपाकघरात गेला. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेला होता, प्लग काढलेला होता आणि वायरचं नीट वेटोळं करून वर ठेवलं होतं. खालचं दार लागलेलं नव्हतं. त्याच्या फटीत एका जुन्या टॉवेलची घडी सरकवलेली होती. अवधूतने दार ओढलं तशी घडी सुटून त्याच्या पायावर पडली. आत कप्पे धुऊन कोरडे केलेले होते. खाण्याच्या सोड्याचा किंचित वास होता. दिवा अर्थातच लागला नाही.

महिनाभर गावाला जाणारी माणसं असं करतात. कराडला त्याची आई करायची, मे महिन्यात. निघायच्या आदल्या दिवशी सगळा फ्रीज रिकामा करून, पुसून, दारात फडक्याची घडी घालून ठेवायची, म्हणजे आत कुबट वास धरत नाही. शार्दूललाही ते त्याच्या आईनेच शिकवलं असणार, अकोल्याला. पण शार्दूल सहा दिवसांसाठी गेला होता. सहा दिवसांसाठी कोणी फ्रीज धूत नाही. उरलेलं दूध फार तर सिंकमध्ये ओतून देतं.

अवधूत कागद न्यायला आला होता. बेडरूममधल्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, निळी फाइल. तिच्यात कंपनीने मिळवून दिलेल्या अमेरिकेतल्या मुदतवाढीचं मूळ मंजुरीपत्र आणि पगाराच्या पावत्या. एक्वादोरमधल्या क्विटोच्या अमेरिकन वकिलातीत गुरुवारी, तिथे अडकून पडलेल्या शार्दूलची व्हिसाची मुलाखत होती. कोणाची तरी रद्द झाली म्हणून ती मिळाली होती, आणि ती मिळवायला अवधूतने कालचा अख्खा दिवस फोनवर घालवला होता. शार्दूलजवळ फक्त झेरॉक्स होत्या. आज दुपारी कुरिअरचं ऑफिस बंद व्हायच्या आत पाकीट गेलं तर वेळेवर पोचलं असतं. नाही गेलं तर मुलाखत हुकली असती, कंपनीने दिलेली मुदत टळली असती, आणि सध्या डेट्रॉइटच्या गाडीधंद्यात जे चाललं होतं ते पाहता दुसरी मुदत कोणी दिली नसती. हे सगळं डोक्यात घेऊन तो भराभर जिना चढून आला होता. आता तो टॉवेलची घडी हातात धरून फ्रीजसमोर उभा होता.

सहलीची कल्पना शार्दूलचीच. जुलैत एका रविवारी तो जेवायला आला होता, म्हणजे नेहमीसारखाच आला होता, आणि भाताला हात घालायच्या आधीच म्हणाला होता, "अव्या, एक देश आहे बे, आपल्या पासपोर्टला व्हिसाच लागत नाही. गेल्या महिन्यात त्यांनी जाहीर केलं. कोणीही या म्हणतात. नुसतं जायचं. विमानातून उतरायचं आणि आत शिरायचं."

"कुठला देश?"

"एक्वादोर. क्विटो म्हणून शहर आहे, डोंगरात. जवळूनच विषुववृत्त जातं. सप्टेंबरात दिवस-रात्र समान असते तेव्हा जाऊ. दुपारी सावली पडत नाही."

"तुमची हॉस्टेलच्या गच्चीवरची खोड गेली नाही अजून," अवधूतची बायको ज्ञानदा म्हणाली होती. सांगलीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, या दोघांनी गच्चीवर स्टीलचा पेला उलटा ठेवून त्याची सावली नाहीशी व्हायची वाट पाहिली होती. शार्दूलला ऊन लागून ताप आला होता, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात दोघांकडून वेगवेगळं सांगून झालं होतं. कराडहून अवधूतच्या आईने फोनवर नापसंती सांगितली, पितृपंधरवड्यात कसला प्रवास काढता म्हणून. त्यांची मुलगी राधिका म्हणाली, "इज देअर अ बीच?" नाही म्हटल्यावर तिचा रस संपला. ज्ञानदाची रजा शिल्लक नव्हती. तेव्हा दोघंच जायचं ठरलं. ज्ञानदा म्हणाली, "जा. लग्नाआधी जायला हवं होतंत तुम्ही, तेव्हा हिंमत झाली नाही." शार्दूलचं लग्न झालेलं नव्हतं. पण तिने ते दोघांना मिळूनच म्हटलं होतं आणि त्यात कोणाला काही चूक वाटली नाही.

अवधूत फाइल काढायला बेडरूमकडे वळला नाही. तो स्वयंपाकघरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसला. घडी मांडीवर ठेवली. टॉवेल हॉस्टेलच्या काळातला असावा, इतका विरलेला. परवा क्विटोच्या विमानतळावर जे झालं ते त्याने गेल्या दोन दिवसांत मनात पुष्कळदा पाहिलं होतं. दर वेळी त्यात तो स्वतःच दोषी असायचा. आता ते त्याने पुन्हा पाहिलं. रांगेत शार्दूल म्हणाला होता, "तू हो पुढे. माझ्या बॅगेची चेन अडकलीये." म्हणून अवधूत आधी गेला, त्याचा बोर्डिंग पास निघाला, बॅग पट्ट्यावरून आत गेली. मग शार्दूल पुढे झाला. काउंटरवरची मुलगी पासपोर्टची पानं उलटत राहिली, एका पानावर थांबली, बोट ठेवलं. "सर, हा संपलाय," ती इंग्रजीत म्हणाली. शार्दूलने मंजुरीपत्राची झेरॉक्स पुढे केली. तिने कोणालातरी बोलावलं. तो माणूस गोरापान, थकलेला, नम्र होता. अवधूतचा आवाज चढला. हा याच शिक्क्यावर विंडसरला जाऊन आलाय, त्याने सांगितलं, दोनदा, आणि कोणी एका शब्दाने अडवलं नाही. त्या माणसाने मान हलवली. "कॅनडा, सी. मेहिको, सी. फ्रॉम हिअर, नो."

डेट्रॉइटजवळच्या या ट्रॉय गावात राहणाऱ्या माणसाने करावी अशीच ती चूक होती. पासपोर्टवरचा शिक्का संपला तरी मुदतवाढ मंजूर असेल तर अमेरिकेत राहता येतं, नोकरी करता येते. बाहेर गेलं तर परत शिरायला नवा शिक्का लागतो, फक्त शेजारच्या देशात थोडे दिवस जाऊन यायला सूट आहे. डेट्रॉइटच्या नदीपलीकडे विंडसर दिसतं. इथली मराठी मंडळी तिथे बोगद्यातून गाडी काढून जातात, जेवतात, परततात, आणि नाक्यावरचा अधिकारी संपलेल्या शिक्क्याकडे बघून हात हलवतो. त्यांच्या दृष्टीने 'बाहेर' म्हणजे विंडसर. शार्दूलला पहिल्यांदा हे सांगितलं होतं अवधूतनेच. काही होत नाही रे, मी गेलोय. तेवढ्यावर तो क्विटोला आला आणि अडकला, असं अवधूतने परतीच्या विमानात स्वतःला सांगितलं होतं. शेजारच्या रिकाम्या सीटवर त्याने आपलं जॅकेट ठेवलं नाही. एअर होस्टेसने ती सीट झोपायला घ्या म्हटलं तरी तो सरळ बसून राहिला होता.

पण शार्दूल शांत होता. आता आठवत होतं ते एवढंच. त्याने आवाज चढवला नाही, घाम पुसला नाही, बॅग उचलून बाजूला झाला आणि म्हणाला, "तू जा बे. शनिवारी राधिकाची सॉकरची मॅच आहे ना." आणि ती बॅग. सहा दिवसांसाठी एवढी मोठी बॅग कशाला, असं अवधूतने डेट्रॉइटला गाडीच्या डिकीत ती चढवताना विचारलं होतं. "थंडी असते तिकडे. उंचावर आहे." दोघांनी मिळून ती उचलली होती. अवधूतची कंबर आजही थोडी धरलेली होती.

म्हणजे काय? अवधूतने उठून नळ सोडला, ओंजळीने पाणी प्यायला. त्याला हॉटेल आठवलं. जुन्या गावातलं, निळ्या लाकडी सज्ज्यांचं, चढावर. मालकीणबाई शार्दूलला 'सार्दू' म्हणायच्या आणि तो त्यांना 'सेन्योरा' न म्हणता 'काकू' म्हणायचा, दोघांचं जमलं होतं. पहिल्या दिवशी दोघंही जिन्यात दम लागून बसले. हवाच पुरत नव्हती. डोकं जड झालं, जेवण नको वाटलं, आणि काकूंनी बटाट्याचं दाट सूप आणून ठेवलं, त्यात ॲव्होकाडोच्या फोडी आणि चीज. शार्दूलने एक घोट घेतला. "पिठलं भाताशिवाय खाल्ल्यासारखं आहे," म्हणाला आणि वाडगा रिकामा केला. नंतर चार दिवस तो जिथे तिथे तेच मागवत राहिला. अवधूतने हिणवलं, की साऊथ अमेरिकेत येऊन बटाटा खातोस. "बटाटा इथलाच आहे बे. आपल्याकडे पाहुणा आलाय. आणि बघ, राहूनच गेला." हे तो सूप पिताना म्हणाला होता, मिशीला लागलेलं चीज पुसत. तेव्हा त्यात विनोदापलीकडे काही नव्हतं.

शहर एका लांबट दरीत सांडल्यासारखं पसरलेलं होतं आणि भिंतीभिंतीवर दोनच शब्द रंगवलेले होते, 'सी' आणि 'नो'. राज्यघटनेवर मतदान होतं महिनाअखेरीला. हिरव्या रंगात सी, त्यावर कोणीतरी काळ्या रंगात नो, खाली पुन्हा सी. चर्चच्या मागच्या भिंतीवर, गटाराच्या झाकणावर, एका बंद दुकानाच्या शटरवर. शार्दूल चालता चालता बोट दाखवायचा. "अख्ख्या गावाला एकच प्रश्न विचारलाय. हो का नाही ते सांगा. किती सोपंय." अवधूतने फोटो काढले. शार्दूलने कॅमेरा आणला नव्हता. "तू काढतोयस ना. मला पाठव," एवढंच म्हणाला. ते कुठल्या पत्त्यावर पाठवायचे, हा प्रश्न तेव्हा पडायचं कारण नव्हतं. सोन्याचा मुलामा दिलेलं ते चर्च, आत शिरल्यावर डोळ्यांना त्रास व्हावा इतकं झगमगणारं. दुसरं एक चर्च, ज्याच्या बाहेरच्या कोरीव राक्षसांच्या जागी कासवं आणि सरडे होते. शिडीसारख्या लोखंडी जिन्याने त्याच्या मनोऱ्यावर चढताना अवधूतचे पाय लटपटले होते आणि शार्दूल मागून एकसारखा बोलत होता, कॉलेजातल्या मास्तरांच्या नकला करत होता, खाली बघायला सवडच मिळू नये म्हणून. वर पोचल्यावर कळलं, त्याचेही पाय लटपटत होते.

केबल कारने डोंगरावर गेले तेव्हा मात्र अवधूत खरंच आजारी पडला. वर गवताळ माळ होता, वारा होता, ढग अंगाला चाटून जात होते. चार पावलं टाकली आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. शार्दूलने त्याला एका दगडाच्या आडोशाला बसवलं, त्याचे हात आपल्या हातांत घेऊन चोळले, खिशातून भाजलेल्या मक्याची पुडी काढून एकेक दाणा खायला लावला. "चाव. नुसता गिळू नको." ढग फाटला आणि खाली शहर दिसलं, अगदी मधोमध धावपट्टी, घरांच्या मध्ये घुसवल्यासारखी. तिच्यावरून एक विमान सुटलं. एवढ्या वरून ते हळूच निघालं आणि आवाज बऱ्याच वेळाने आला. शार्दूल बघत राहिला. "निघायचं म्हणजे बाकी काही नसतं," तो म्हणाला. "तेवढी पट्टी संपायच्या आत उचलायचं." अवधूत मळमळ दाबण्यात गुंतला होता. हुं म्हणाला.

शार्दूलचं निघणं हा त्यांच्यातला जुना विनोद होता. पुढची दिवाळी अकोल्यात, असं तो पहिल्या वर्षापासून म्हणत आला होता. मग पुढच्या दिवाळीला ज्ञानदाच्या हातच्या चकल्या खाताना कोणीतरी विचारायचं, काय शार्दूलराव, अकोला कसं काय? सगळे हसायचे. तो सगळ्यांत जास्त हसायचा. पण दर वर्षी एकदा, बहुधा थंडी सुरू होताना, तो एकटाच यायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून म्हणायचा, "अव्या, जातो रे मी आता." आणि अवधूत त्याला समजावायचा. तो समजावण्यात चांगला होता. मुदतवाढ मिळालीये, ती संपू दे. ग्रीन कार्डाची रांग सरकेल. तिथे जाऊन काय करणार, तुझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या कामाला तिथे कोण विचारतंय. तुझे बाबा तर म्हणतात ना, थांब म्हणून. शार्दूल एकेका मुद्द्याला मान डोलवायचा, तासाभराने चहा मागायचा आणि हलका होऊन घरी जायचा. अवधूतला त्या रात्री चांगली झोप लागायची. आपण मित्राच्या उपयोगी पडलो असं वाटायचं. मागच्या हिवाळ्यात शार्दूल आला नव्हता. हेही आत्ताच लक्षात येत होतं. आता त्याच्या डोक्यातून हे निघालं बहुतेक, असं अवधूत तेव्हा ज्ञानदाला म्हणाला होता. ज्ञानदा उठून भांडी लावायला लागली होती.

त्याने ज्ञानदाला फोन लावला. मागे मैदानाचा गलका होता, शिट्टी, कोणाच्या तरी आईचं ओरडणं.

"फाइल मिळाली?" तिने विचारलं.

"ज्ञानदा, त्याने फ्रीज धुऊन ठेवलाय. दारात टॉवेल घालून. प्लग काढून."

पलीकडे ती गलक्यापासून जरा बाजूला आली. मग म्हणाली, "हं."

"हं काय?"

"मला पोळपाट-लाटणं आणून दिलं तेव्हाच वाटलं होतं. आठ-पंधरा दिवस झाले. म्हणाला, वहिनी, पोळ्या करायला वेळ होत नाही. अरे, दर रविवारी करतो तो. तुझ्यापेक्षा गोल येतात त्याच्या. त्याच्या आईने दिलेलं लाटणं कोणी उगीच देऊन टाकतं का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला टेबलाशी बसवलं असतंस," ती म्हणाली. रागावून नाही, मुलीच्या बुटाची नाडी बांधताना बोलावं तसं. तेवढ्यात राधिकाचा आवाज आला, "इज दॅट शार्दूल काका? टेल हिम आय स्कोअर्ड." ज्ञानदाने तो निरोप मराठीत पुन्हा सांगितला आणि फोन ठेवला.

अवधूतला राग आला. तो यायला हवा होता आणि उशिरा आला. म्हणजे सहा दिवस हा माणूस आपल्या शेजारी चालत होता, हसत होता, आपले हात चोळत होता, आणि शेवटच्या दिवशी काउंटरवर काय होणार हे त्याला ठाऊक होतं. आपण त्या नम्र माणसाशी भांडत होतो, आवाज चढवून, लाज सोडून, आणि हा मागे उभा राहून ऐकत होता. रागात फ्रीजचं दार ढकलून तो बेडरूममध्ये गेला, खालचा खण ओढला, निळी फाइल काढली. ती सगळ्यात वरच होती. मूळ मंजुरीपत्र, पावत्या, सगळं होतं. शार्दूल काही लपवून गेला नव्हता. कपाटात दोन हिवाळी कोट लटकत होते. ते त्याने नेले नव्हते. थंडी असते म्हणणाऱ्या माणसाने कोट मागे ठेवले होते. अवधूतला एकदम हसू फुटलं. रिकाम्या घरात ते त्याला विचित्र ऐकू आलं.

आणि मग त्याला विषुववृत्त आठवलं. शहराबाहेर स्मारक होतं, दगडी, चौकोनी, वर पितळेचा गोल. जमिनीवर पिवळी रेघ आणि रेघेच्या दोन बाजूंना पाय ठेवून फोटो काढणाऱ्यांची गर्दी. ऊन सरळ टाळूवर उतरत होतं. शार्दूलने खिशातून मुठीत मावेल एवढा जीपीएस काढला, आकडे बघितले. "ही रेघ चुकलीये," म्हणाला. "खरी पुढे आहे." अवधूत म्हणाला, मरू दे, फोटो तर इथेच काढतात. पण शार्दूल निघाला. स्मारकाच्या फाटकातून बाहेर, रस्त्याच्या कडेने, हातातल्या यंत्राकडे बघत. एका कुंपणाशी, जिथे एक कुत्रं झोपलं होतं आणि कोणाचे तरी कपडे वाळत होते, तिथे तो थांबला. आकडे शून्य झाले होते. तिथे रेघ नव्हती, पाटी नव्हती, मक्याची चार ताटं होती. त्याने हॉटेलातून आणलेला पेला पिशवीतून काढून जमिनीवर उलटा ठेवला. हा पेला त्याने काकूंकडून कधी मागून घेतला होता, देव जाणे. दोघं उकिडवे बसले. पेल्याच्या कडेची काळी रेघ आकसत आकसत त्याच्या बुडाशी गेली आणि नाहीशी झाली. त्यांच्या स्वतःच्या सावल्याही पायांखाली जाऊन बसल्या होत्या.

"सांगलीला ताप आला होता," अवधूत म्हणाला.

"तू रात्रभर पट्ट्या ठेवत होतास डोक्यावर," शार्दूल म्हणाला. "सकाळी म्हणालास, पेपर आहे, ऊठ. उठलो. पास पण झालो." मग पेल्याकडे बघत, "तू म्हणतोस ते मी करतो रे. तीच पंचाईत आहे."

कुत्र्याने एक डोळा उघडून मिटला. अवधूतने त्यावर काही विचारलं नव्हतं. तो त्या वेळी फार सुखात होता.

त्याने क्विटोच्या हॉटेलला फोन लावला. काकूंनीच घेतला. "मोमेंतो," म्हणाल्या आणि जिन्याच्या दिशेने हाक मारली, "सार्दू!" मग पावलांचा आवाज. जिना उतरून येणाऱ्या माणसाचा दम.

"फाइल सापडली," अवधूत म्हणाला. "वरच होती."

"हो. वरच ठेवलीये."

"फ्रीजच्या दारात टॉवेल आहे."

फोनवर मागून रस्त्यावरचा आवाज येत होता. कोणीतरी कर्ण्यावरून काहीतरी ओरडत जात होतं, उद्याच्या मतदानाचं असेल. मग शार्दूल म्हणाला, "फट ठेवावी लागते बे. नाहीतर वास धरतो."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस."

"दर वेळी मीच थांबवलं का तुला?"

"नाही," शार्दूल म्हणाला. "मीच यायचो तुझ्याकडे, थांबवून घ्यायला. माझ्याच्यानं निघवत नव्हतं. राजीनामा टाइप करायचो, पुसायचो. म्हटलं, निघता येत नाही तर परत येता येणार नाही असं करावं. मग तिथल्या बाईने नाही म्हटलं की झालं."

"आणि मला कशाला नेलंस?"

"एकटा गेलो असतो तर तू पहिल्या विमानानं न्यायला आला असतास." तो हसला. मग हसू थांबलं. "आणि एकदा फिरायचं होतं रे तुझ्याबरोबर. आपण कधी गेलोच नाही कुठे. नायगारा सोडून."

अवधूतच्या मांडीवर फाइल होती. त्याने तिच्या रबरबँडमध्ये बोट अडकवलं, सोडलं. "मुलाखत आहे गुरुवारी," तो म्हणाला. "मी मिळवलीये."

"माहितीये. काल तू फोन केलास तेव्हा तोंडातून निघेना, की नको मिळवू." शार्दूलचा आवाज खाली आला. "अव्या, एक ऐक. तू कागद पाठवलेस तर मी जाईन मुलाखतीला. छान कपडे घालून जाईन, आणि ते देतील पण शिक्का. मला माझी खात्री आहे. पुढच्या शनिवारी तिकडे असेन मी. तेव्हा विचार करून पाठव."

खिडकीच्या पट्ट्यांतून येणारं ऊन आता कार्पेटवरून सरकून भिंतीवर चढलं होतं. अवधूतला सगळे मुद्दे सुचत होते. एकामागून एक, नेहमीच्या क्रमाने, तोंडाशी येऊन उभे होते. नुसतं तोंड उघडायचं होतं. सध्या मंदी आहे, तिकडेही आहे. कंपनीने जागा राखून ठेवलीये, अशा दिवसांत. बाबांना काय सांगणार आहेस. शेवटचा मुद्दा त्याने कधीच मांडला नव्हता, कारण तो मुद्दा नव्हता. रविवारी जेवायला कोण येणार.

"अकोल्यात बटाट्याचं सूप कोण देणार तुला?" तो म्हणाला.

पलीकडे श्वास सुटल्याचा आवाज आला. "मी शिकून घेतलंय," शार्दूल म्हणाला. "काकूंनी शिकवलं. ॲव्होकाडो नाही मिळणार. बघू." मग घाईघाईने, कोणीतरी थांबवेल अशा घाईने, "महिनाअखेरीला किल्ली मॅनेजरकडे देऊन टाक. लीज तिथपर्यंतच आहे. गाडी वहिनींना दे, त्यांच्या गाडीचे ब्रेक कुरकुरतात. कोट तू घे. तुला बाह्या लांब होतील, पण घे."

"राधिकाने गोल केला. तुला सांगायला सांगितलंय."

"कुठल्या पायानं?"

"विचारलं नाही."

"विचार," शार्दूल म्हणाला. "डावा शिकवत होतो मी."

फोन ठेवल्यावर अवधूतने घड्याळ पाहिलं. कुरिअरचं ऑफिस उघडं होतं अजून, बिग बीव्हर रस्त्यावरून गेलं की पुढच्या सिग्नललाच. तो उठला, बेडरूममध्ये गेला आणि फाइल खालच्या खणात सगळ्यात वर, होती तशी ठेवली. खण लावला. एक कोट काढून अंगात घातला. बाह्या खरंच लांब होत होत्या, बोटांच्या पेरांपर्यंत. तसाच तो स्वयंपाकघरात आला. फ्रीजचं दार त्याने मघाशी रागात ढकललं होतं, ते पार लागून बसलं होतं. त्याने ते उघडलं. खुर्चीवर पडलेला टॉवेल झटकला, त्याच्या चार घड्या केल्या, आई करायची तशा कडेला कड जुळवून. घडी दाराच्या फटीत सरकवली, दार हलकेच लोटलं आणि ते लागत नाही ना, हे बोटाने दाबून पाहिलं.